आक्का रान बघायला निघाली

आळेफाट्याला एसटीतून उतरले तेव्हा श्रावणातली भुरभुर चालू होती. आक्का, माझी थोरली बहीण, आळ्यात राहते. दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून ती घर आणि गोठा सोडून कुठंच गेली नव्हती. धड जेवत नाही, बोलत नाही, असं तिच्या सुनेनं पुण्याला फोन करून कळवलं होतं. मला झाडांचा नाद. जीव उबगला की मी बागेत जाऊन बसते. म्हटलं, हिलाही न्यावं.

"बागा बघायच्या? मी ही अशी," मोकळ्या कपाळाकडे बोट दाखवत आक्का म्हणाली. "लोकं काय म्हंतील?"

तरी येडगाव धरणाजवळच्या एका छोट्या बागेत तिला नेलंच. पावसानं वाकलेल्या कर्दळी, ओली गुलबक्षी, पलीकडं कुकडीचं गढूळ पाणी. वडापच्या जीपमधून उतरताना माझी चप्पल चिखलात रुतून तुटली, म्हणून मी अनवाणीच फिरले. आक्का मात्र फिरलीच नाही. ओळखीची एक बाई समोर आली आणि म्हणाली, "काय वं, फिराया व्हय?" एवढंच. आक्कानं पदर पुढं ओढला आणि फुलांकडं पाठ करून बसली.

मी तर पुन्हा तिला कुठं न्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण सून म्हणाली, "मावशी, परत या. त्या दिशी त्या पोटभर जेवल्या."

संक्रांतीच्या सुमाराला शिवनेरीवर गेलो. डब्यात सुनेनं केलेल्या मासवड्या (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या बेसनाच्या वड्या) होत्या. थंडी बोचरी होती, ऊन कोवळं. पायऱ्यांवर मला धाप लागत होती. आक्का शेतात राबलेली, ती पुढं. वरच्या बागेत शेवंती बहरली होती. हिरवळीवर जुन्नरच्या एका कापडवाल्याच्या घरच्या बायका बसल्या होत्या. मूळचं घराणं राजस्थानचं, बोलणं मात्र आपल्यासारखंच. त्यांनी बोलावून तिळगूळ दिला. मग त्यांच्यातल्या एकीनं अबोलीचे गजरे काढले, एक मला दिला आणि दुसरा आक्कापुढं धरला.

आक्कानं हात मागं घेतला. "मला न्हाई चालत, बाई."

"आमच्या सासूबाई माळतात की," ती म्हणाली. "सासरे गेले, तरी आम्हीच माळतो त्यांच्या केसात."

आक्का तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं गजरा घेतला, पण माळला नाही. मुठीत धरूनच गड उतरली.

फाल्गुनात घोडेगाववरून शिनोली गाठली. तिथं चहा-भजी खाऊन भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो. डिंभे धरणाच्या पुढं, डोंगरातल्या एका वाडीजवळ देवराई (देवाच्या नावानं राखलेलं रान) आहे असं ऐकलं होतं. बाहेर सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि आत शिरताच गारवा. हिरडा, जांभूळ, मांडीएवढ्या जाड वेली. देवापुढं दिवा लावायला आलेल्या एका म्हातारीनं आम्हाला बजावलं, "हितलं पान बी तोडायचं न्हाई, पावणं. देवाचं हाय."

आक्का एका हिरड्याच्या बुंध्याला हात लावून उभी होती. अचानक तिनं मान वर केली. "शालू, धूर."

उतारावरून वणवा वर येत होता. वाळल्या गवताचा नुसता तडतडाट चालला होता. वाडीतली माणसं ओली पोती घेऊन धावत आली, पण पोती पुरेनात. मी रस्त्याकडं पळायच्या बेतात होते. आक्कानं पदर कमरेला खोचला आणि म्हातारीला म्हणाली, "डहाळ्या लागतील, आजी. तोडू का?"

म्हातारीनं देवाकडं पाहिलं, हात जोडले आणि स्वतःच पहिली डहाळी मोडली. "तुजंच वाचवाया घेतो रं बाबा!"

मग आक्का सगळ्यांच्या पुढं. "तोंडावर जाऊ नगा, राव! कडंनं मारा, कडंनं!" गडीमाणसांना ती अशी ओरडत होती, जणू जन्मभर त्याच वाडीत राहिली असावी. मीही तिच्या शेजारी डहाळी आपटत होते. डोळ्यांतून पाणी, घशात धूर, पायाखाली राख. वारा मध्येच फिरला तेव्हा वाटलं, गेलं रान. पण काठावरची दोन जांभळं करपली आणि आग कोरड्या ओढ्यापाशी थबकली. ती पुरती विझेपर्यंत कुणी बसलं नाही.

म्हातारीनं पाणी आणलं, भाकरी-ठेचा आणला. एक म्हातारबाबा आक्काला म्हणाले, "लई जोर केला बाई तुमी. कुण्या गावच्या?"

"आळ्याची," आक्का म्हणाली. चेहरा काळवंडलेला, डोईवर पदर नाही, आणि त्याचं तिला भानही नाही. "रान बघाया आलेय."

परतीच्या एसटीत आमच्या लुगड्यांना धुराचा वास येत होता. तिचा तळवा भाजला होता. मी रुमाल भिजवून बांधला. श्रावणापासून मी तिला फुलं दाखवून रिझवायला निघाले होते. तिला नुसतं बघायचं नव्हतं, कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

घोडेगाव मागं पडलं तसं ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पावसाळ्यात येऊ परत. ती जांभळं फुटत्यात का, बघाया पायजे."

दाजी गेल्यापासून पुढच्या दिवसाची गोष्ट तिनं पहिल्यांदाच काढली होती. मी "येऊ" म्हटलं आणि तिचा दुखरा हात माझ्या मांडीवर घेतला.