होडीवरची कुबडी

यांचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. कुबडीशिवाय चार पावलंही टाकता येत नसत. संस्थान विलीन झालं तेव्हा यांच्या कचेरीतले जुने साहेब उज्जैन सोडून गेले आणि जाताना आपली होडी यांना देऊन गेले. कॅनव्हासची, निमुळती, एका माणसापुरती. साहेब तिला कयाक म्हणायचे. पाय पुढे पसरून आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. तिथं पायाचं कामच नव्हतं. क्षिप्रेवर यांना इतकं भराभर पुढे जाताना पाहिलं आणि काठावर माझे डोळे भरून आले.

पण कुबडी कुठे ठेवायची? आत जागा नव्हती, म्हणून समोर कॅनव्हासवर सुतळीनं बांधली. रामघाटाशी उतरायची वेळ आली, तर भिजलेली गाठ काही केल्या सुटेना. शेवटी एका पंड्यानं काखेत हात घालून यांना उचलून बाहेर काढलं. माणसं जमली. "बेचारे बाबूजी," कुणीतरी म्हणालं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "होडी देऊन टाकू कुणाला तरी."

"का? होडीनं काय केलं?"

हे धड जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी टावर चौकातल्या पंक्चरवाल्याकडे सायकलची फाटकी ट्यूब मागितली.

"बाईसाब, ये तो कचरा है."

"भैया, मुझे कचरा ही चाहिए."

ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून मी त्यांची तिपेडी वेणी घातली. पडद्याच्या पितळी कड्या होडीच्या कापडावर शिवल्या आणि वेणी त्यांतून ओवली. टोकांना गाठी मारल्या, पण ओढलं की रबर घसरायचं आणि गाठ सुटायची. मग टोकं दुमडून त्यांवर जाड दोरा गच्च गुंडाळला. पहिल्यांदा इतकं ताणून बसवलं की कुबडी खालून निघेना. उसवून थोडं सैल केलं.

"आता एका हातानं काढून बघा."

अंगणात, कोरड्या जमिनीवर, हे होडीत बसले. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हेही हसले.

रविवारी रामघाटावर यांनी रबर वर ओढलं, कुबडी काढली, पायरीवर रोवली आणि दुसरा हात दगडावर टेकून उठले. वेळ लागला. तोच पंडा हात पुढे करून धावत आला.

"रहने दो, महाराज. हो गया," हे म्हणाले.

पुढे नवा मध्य प्रदेश झाला आणि कचेरी भोपाळला हलली. ओळखीची माणसं सोडून जायचं म्हणून मी धास्तावले होते. देवास गेटला आमचं बिऱ्हाड बसच्या टपावर चढत होतं, तेव्हा यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "तिथं तलाव फार मोठा आहे म्हणे."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "मी बदलीला हो म्हणायच्या आधीच चौकशी केली होती."