मौनाचा तास

गप्प बसायला सांगताना सगळे ओठांवर बोट ठेवतात. आमच्या बाई स्वतःच्या कानाची पाळी धरायच्या आणि म्हणायच्या, "तोंड मिटा रे पोट्टेहो, मंग पाहा काय काय आयकू येते!" सांगणाऱ्या बाई स्वतः किती बोलायच्या ते मात्र विचारू नका. परतवाड्याहून जीपमध्ये माझ्या शेजारी बसल्या, की माझ्या पेटीचा भाता कुठं फाटलाय इथपासून माझ्या मेहुणीचं लग्न का अडलंय इथपर्यंत सगळं काढून घ्यायच्या.

चिखलदऱ्याचा घाट लागण्याआधी, डोंगराच्या पायथ्याशी आमचं ख्रिस्ती शिबिर केंद्र. दोन लांबट खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर, विहीर आणि पुष्कळ झाडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावती-अकोल्याकडच्या चर्चच्या मंडळ्यांमधली तरुण पोरंपोरी तिथं आठवडाभर राहायला येतात. मी गाणी शिकवायला जायचो. बाई अमरावतीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, शिबिरात सुरू होई. असं एखाद्या गोष्टीवर जगणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

मौनाचा तास हा बाईंचा मान. उजाडलं की प्रत्येकानं बायबल घेऊन एकेका झाडाखाली एकटं बसायचं. मोबाइल आणि घड्याळं आल्या दिवशीच कचेरीत जमा. बाई घंटा वाजवेपर्यंत बोलायचं नाही आणि उठायचंही नाही. कोणी चुळबुळ केली की बाई नंतर सगळ्यांदेखत विचारायच्या, "काहून रे? देव बोलून राहिला अन् तू उठून चालला?" पोरं हसायची, पण दुसऱ्या दिवशी हलायची नाहीत. आम्ही मोठेही बसायचो. एरवी सभेत सारखे घड्याळ पाहणारे पाळकसाहेब तिथं शाळकरी पोरासारखे मांडी घालून बसत.

त्या वर्षी बाई एकच गोष्ट जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होत्या. वय झालं, म्हणत आम्ही हसत होतो.

मग एका सकाळी घंटा वाजलीच नाही.

मी कडुनिंबाखाली होतो, माझ्यावर सावली होती. पळसाखाली बसलेल्या पोरांवरून सावली सरकून गेली होती. डोळे किलकिले करून पाहिलं, तर सगळे जागच्या जागी. आज बाईंची प्रार्थना लांबली, असं मला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं, आणि बोलायला बंदी, तर विचारणार कोण कोणाला? इतकी धडधाकट माणसं मे महिन्याच्या उन्हात घंटेची वाट पाहत बसली होती. बाहेरच्या माणसाला हे खरंसुद्धा वाटणार नाही.

हिवरखेडहून पहिल्यांदाच आलेली एक पोरगी बसल्या जागी आडवी झाली, तेव्हा कुठं आरडाओरडा झाला. पाळकसाहेब तिला जीपमध्ये घालून दवाखान्याकडे निघाले आणि मी बाईंना शोधायला धावलो.

स्वयंपाकघरामागं बाई आचाऱ्याच्या बायकोजवळ चिंचा सोलत बसल्या होत्या. गप्पा अगदी रंगात आलेल्या.

"बाई, घंटा?" मी म्हणालो.

"कायची घंटा?"

मी झाडांकडे हात केला. लाल झालेल्या चेहऱ्यांची पोरं विहिरीकडे पळत होती. बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "माह्या लेकरायले मी उन्हात बसवलं?" त्या म्हणाल्या. तो चेहरा मला आजही डोळ्यांसमोर नको वाटतो.

पोरगी वाचली. सलाईन लावलं, संध्याकाळी बोलायला लागली. बाप आला आणि कोणाशी एक शब्द न बोलता तिला घरी घेऊन गेला. पुढच्या वर्षी बाईंना पाहुण्या म्हणून बोलवायचं, काम द्यायचं नाही, असं समितीनं ठरवलं. ते सांगायला पाळकसाहेब आणि मी बाईंच्या घरी गेलो. बाईंनी एवढंच विचारलं, "थे पोरगी बरी हाये नं?"

"बरी हाये, बाई. कॉलेजात जाऊन राहिली," मी म्हणालो.

"प्रभूचे आभार," बाई म्हणाल्या. चहा संपायच्या आत त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

पुढं भाचीनं त्यांना अकोल्याला नेलं. नावं गेली, पाठ असलेली गीतं गेली, मी 'पेटीवाला' झालो. आपल्याला वाटतं, माणूस विसरायला लागलं की दुःखही विसरत असेल. बाईंचं उलटं झालं. पोरगी बरी झाली हे त्या विसरायच्या आणि तिला उन्हात बसवलं हे काही केल्या विसरायच्या नाहीत. भाची सांगायची, जेवता जेवता उठतात आणि लेकरं कुठं आहेत म्हणून दारात जाऊन उभ्या राहतात. मला देवाचा फार राग आला. इतकी वर्षं त्याचं ऐकायला शिकवणाऱ्या बाईला, पोरगी बरी आहे, एवढंही त्यानं ऐकवू नये?

शेवटी मी त्या पोरीला फोन केला. बाप नको म्हणत होता, तरी ती आली. माझी बाईंशी ती शेवटची भेट.

पोरगी बाईंच्या पुढ्यात बसली. "बाई, मीच थे. उन्हात चक्कर आलेली. पाहा, बरी हाये मी."

बाईंनी तिचं कपाळ चाचपलं, गाल चाचपले. भाचीला मठ्ठा आणायला लावला आणि पेला रिकामा होईपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "बरी हाये व माय," म्हणाल्या आणि तिला पोटाशी धरून रडल्या. भाचीही रडली. सुटल्या एकदाच्या, असं मला वाटलं. फार हलकं वाटलं.

माझी अमरावतीची गाडी होती, म्हणून आम्ही उठलो. दारात चपला घालत होतो, तोच आतून बाईंचा आवाज आला, "अवो, थे पोरगी कशी हाये?"

माझ्यानं मान वर करवेना. पोरीनं पायात घातलेली चप्पल काढली.

"तुमी निंगा काका, तुमची गाडी जाईन," ती म्हणाली आणि आत गेली. मी जिना उतरताना तिचा आवाज ऐकू आला, "बरी हाये बाई. हे पाहा, मीच थे."