कारवान की पश्मी?

जोगळेकरसाहेब चहा पिण्याआधी कप उजेडाकडे धरून बघायचे. चहा गार झाला तरी चालेल, पण तपासणी चुकता कामा नये. भोसरीच्या आमच्या कंपनीत ते क्वालिटीचे प्रमुख होते. चांगला माल पुढे जाई, वाईटाला लाल टॅग लागे आणि ज्याच्याबद्दल साहेबांचं मत बनत नसे तो 'होल्ड'वर पडून राही. "मोजल्याशिवाय मत द्यायचं नाही," असं ते आम्हाला बजावत. मोजल्यावरही ते मत देत नसत, हा भाग वेगळा.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि वहिनींनी धसका घेतला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना घरी तपासायला काहीतरी हवं. नाहीतर मीच आहे." कुत्रा पाळायची कल्पना त्यांचीच. पण साहेबांना साधा कुत्रा चालेना, शिकारीच हवा. कारवानाची चाल त्यांना आवडायची आणि पश्मीचे केसाळ कानही सोडवेनात. दोन्ही जाती वाऱ्यासारख्या पळणाऱ्या आणि आपल्या मर्जीच्या मालक. चिंचवडच्या दुसऱ्या मजल्यावर ते कुत्रं कशाची शिकार करणार, हे विचारायची आमची कुणाची छाती नव्हती.

साहेबांनी तक्ता केला. उंची, वेग, केसगळती, भुंकणं अशा सोळा ओळी. वहिनींची पसंती सतरावी, शंभरात दोन गुण. दोन्ही जातींची बेरीज सारखीच आली, म्हणून साहेबांनी आणखी ओळी वाढवल्या.

मग आम्ही चाकणच्या पुढे सोपानरावांकडे गेलो. त्यांच्याकडे दोन्ही जातींची पिल्लं होती. साहेबांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि एकाचे पाय मोजले.

"डाव्या-उजव्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे."

"सायेब, कुत्रं हाय ते, बेअरिंग न्हाई," सोपानराव म्हणाले.

नंतर आज्ञाधारकपणाची चाचणी. साहेबांनी कंपनीतल्या आवाजात हाक दिली, "ए, इकडे ये!" सवयीने मी दोन पावलं पुढे झालो. पिल्लांनी मानसुद्धा वळवली नाही.

"दोन्ही होल्ड," साहेब म्हणाले. असे आमचे पाच रविवार गेले.

साहेब निवृत्त झाले. पहिल्या दिवशी त्यांनी पोळ्यांची जाडी मोजली. तिसऱ्या दिवशी कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर वहीत लिहिलं. पाचव्या दिवशी वहिनींनी पिशवी भरली आणि साताऱ्याला बहिणीकडे निघाल्या. "तीस वर्षं ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता घरात कुत्रं आलं तरच मी येईन."

साहेबांना ती थट्टा वाटली. आठवडा गेला, दुसराही गेला. वहिनी फोन उचलेनात. एका दुपारी मला साहेबांचा फोन आला, "गाडी काढ रे." साहेबांवर हसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती, पण त्या दिवशी त्यांची फार दया आली.

"येकच ऱ्हायलंय," सोपानराव म्हणाले. "बाकीची गेली. न्यायचं तर न्या." साहेबांनी काही मोजलं नाही. पिल्लू उचलून छातीशी धरलं. त्याने लगेच त्यांचा शर्ट ओला केला, तरी ते "चल, चल" म्हणत गाडीत बसले. घरी पोचल्यावर त्यांनी पिल्लाचा फोटो वहिनींना पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने वहिनी परत आल्या.

दोन-तीन महिन्यांनी मी गेलो, तर कुत्रं सोफ्यावर आणि साहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर. साहेबांनी तीन हाका मारल्या. त्याने डोळेही उघडले नाहीत. साहेबांना राग आला नाही, उलट कौतुक वाटलेलं दिसलं.

"मग शेवटी काय ठरवलंत साहेब, कारवान की पश्मी?"

"ठरवलं कुठे? ही पश्मी उरली होती." आतून वहिनी मोठ्याने हसल्या.

ते ऐकून मला धीर आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "साहेब, मी आणि तो दुसरा ट्रेनी, दोघांना तुम्ही तीन वर्षं ताटकळत ठेवलंत. मग मलाच कायम केलंत ते काय बघून?"

साहेबांनी हातातल्या बिस्किटाचे दोन तुकडे केले.

"दुसरा सोडून गेला होता," ते म्हणाले, आणि एक तुकडा कुत्र्याला दिला, एक मला.