रिकाम्या हातांचा शेवट

आमच्या नृत्यशिक्षिकेला सगळे बाई म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, इंदिरानगरातल्या एका शाळेच्या सभागृहात, त्यांनी एक जुनी लोककथा बॅलेसाठी घेतली. दोन गावांच्या वैरात सापडलेली प्रेमिकांची जोडी, विहिरीच्या काठावर विष घेऊन पडलेली ती आणि उशिरा पोहोचलेला तो. बाईंची पद्धत अशी, की आधी कथा आम्हाला तोंडी सांगायच्या आणि मग एकेक वाक्य खोडत न्यायच्या. शब्द गेल्यावर गोष्टीत चालणं, थांबणं आणि वळून पाहणं एवढंच उरतं, असं त्या म्हणत.

त्या कथेतला तो मी होतो. शेवटी मी तिचा निष्प्राण देह उचलून सावकाश मागे वळत असे. प्रत्येक तालमीत त्या वळण्याला टाळ्या पडत आणि त्यांची मला सवय झाली होती.

नायिका होणाऱ्या मुलीचा प्रयोगाच्या महिनाभर आधी साखरपुडा झाला. हातात हिरव्या बांगड्या आल्या. त्या काढायच्या नाहीत, असं घरच्यांनी बजावलं होतं. एका तालमीत ती नेहमीसारखी कोसळली आणि दोन बांगड्या वाढल्या; फुटल्या असं म्हणायचं नसतं. नेमकी तिची आत्या बघायला आली होती. बातमी नांदगावला, होणाऱ्या सासरी पोहोचली. तिकडून निरोप आला की प्रयोगाला सासूबाई स्वतः येतील. ठरलेल्या मुलीनं स्टेजवर मेल्याचं सोंग केलं तर सोयरीक मोडली असं समजावं. वडील तिला त्याच दिवशी घरी न्यायला आले. बाईंनी त्यांच्याकडून प्रयोगापर्यंतची, आठवड्याची मुदत मागून घेतली.

मी बाईंना म्हणालो, की शकुन-अपशकुनासाठी शोकांतिका वाकवणं बरोबर नाही. मी कलेच्या बाजूनं बोलतो आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुला शोकांतिका हवी आहे, की ते उचलणं?"

आजही त्या प्रश्नाचं उत्तर देताना मी अडखळतो.

त्या आठवड्यात त्यांनी शेवट पुन्हा बांधला. मुलगी पडणार नव्हती. ती विहिरीपर्यंत चालत जाणार, एकदा वळून पाहणार आणि विंगेत निघून जाणार. मरण दाखवायचं ते मागे राहिलेल्यानं, रिकाम्या जागेवर, रिकाम्या हातांनी. मला ते जमेना. हात हवेत अवघडून राहत. मुलगी मात्र रोज वेळेआधी येऊन सराव करत होती, कारण तिच्यासाठी हा कदाचित शेवटचाच प्रयोग होता.

प्रयोगाला सासूबाई पहिल्या रांगेत, पदर घट्ट आवळून बसल्या होत्या. शेवटच्या प्रसंगात मुलगी विहिरीपाशी पोहोचली, वळली आणि थांबली. ठरल्यापेक्षा जास्त थांबली. तबलजीनं ठेका लांबवला. तिचा गुडघा किंचित वाकलेला मला दिसला आणि वाटलं, ही आता पडणार. सासूबाईंनी खुर्चीचा हात धरला. मग मुलगी सरळ झाली आणि गेली.

मी खाली वाकलो. तिथं कुणी नव्हतं. त्या क्षणी ती जागा खरोखर जड वाटली. उचलताना मला पाय रोवावे लागले. या वेळी टाळ्या लगेच पडल्या नाहीत.

पडदा पडल्यावर सासूबाई आत आल्या. मुलीकडे न बघता त्यांनी आधी मलाच गाठलं. "पोरा, हातात तर काहीच नव्हतं तुझ्या. मग एवढं जड काय उचललंस?"

मग त्या मुलीकडे वळल्या. तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर खिळले होते.

"लग्नाआधी जे दोन-चार प्रयोग असतील ते करून घे. पुढचं पुढं बघू."

"लग्नानंतर वणीला एक ठरतो आहे," बाई लगेच म्हणाल्या. माझ्या माहितीप्रमाणे वणीला काहीच ठरलेलं नव्हतं.

सासूबाईंनी बाईंकडे रोखून पाहिलं. नाही मात्र म्हणाल्या नाहीत.