तांब्यातलं हॅलस्टन

वेनफर्डच्या चर्चखालच्या उतारावर जेबेझ गिटिन्सचं दुकान होतं. गावात असं घर शोधून सापडलं नसतं जिथे त्याच्या हातची एखादी वस्तू नाही. बारशाच्या चमच्यावरची अक्षरं त्याची, शिंप्या-वाण्यांच्या छापील कार्डांचे ठसे त्याचे, आणि शवपेटीवर ठोकायची पितळी पाटीही त्याचीच. "माझ्या हातून सुटका नाही कुणाची," असं तो दोन पेले बिअर पोटात गेल्यावर म्हणायचा, आणि त्याची बायको टॅबिथा म्हणायची, "तुमची तरी कुठे झालीय?"

खरंच झाली नव्हती. जेबेझला चमचे आणि पाट्या नको होत्या. त्याला छपाईसाठी एक मोठा तांब्याचा पत्रा कोरायचा होता, त्यावर एखादं थोरामोठ्यांचं घर, समोर हिरवळ, माणसं, झाडं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव. त्या काळी परगण्यातल्या मोठ्या घरांच्या चित्रांचं वेडच लागलं होतं लोकांना. ज्यांची घरं होती ते ती चित्रं छापून घेत, ज्यांची नव्हती ते विकत घेऊन भिंतीवर लावत. पण ते सगळं काम लंडनला जायचं. वेनफर्डच्या माणसाला कोण विचारतो?

म्हणून हॅलस्टन हॉलचा कारभारी एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, की सर लँबर्ट थ्रॉकलींना आपल्या घराचं चित्र इथेच कोरून घ्यायचंय, तेव्हा जेबेझच्या हातातला चमचाच पडला.

"लंडनला का नाही पाठवत?" टॅबिथाने विचारलं.

"साहेबांना काम डोळ्यांसमोर हवंय. मध्येच काही सुचलं तर सांगता यावं म्हणून."

टॅबिथाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाहिलं नाही. तो आधीच गाडीत बसल्यासारखा दिसत होता.

घराचं चित्र लंडनच्या एका चित्रकाराने कागदावर काढून ठेवलं होतं. घर छान होतं, पण पुढची माणसं खुंट्यांसारखी. तेव्हा माणसं पुन्हा काढायला जेबेझ स्वतः हॅलस्टनला गेला. लेडी थ्रॉकली खुर्चीत बसल्या. सर लँबर्ट काठीने लांबवर काहीतरी दाखवत उभे राहिले. काय दाखवताय असं विचारायची जेबेझची छाती झाली नाही. आणि त्यांची एकुलती मुलगी लव्हिनिया देवदाराच्या झाडाखाली उभी राहिली, गवती टोपी डोक्यावर न घालता फितीने हातात लोंबकळत धरून.

"गिटिन्स, माझं नाक जरा लहान काढा हं," ती म्हणाली. "देवाला जमलं नाही, तुम्ही बघा जमतंय का."

"लव्हिनिया, गप्प उभी राहा," आई म्हणाली.

"नाक हलत नाही आई, तोंड हलतंय."

दुपारी जेबेझने पायरीवर बसून पाव आणि चीज काढलं, तर ही आली आणि त्यातला तुकडा मोडून घेतला. मोठ्या घरची मुलगी आपल्या फडक्यातलं खाते, याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की घरी येऊन त्याने ते टॅबिथाला दोनदा सांगितलं.

तो सगळा हिवाळा त्याने त्या पत्र्यावर घालवला. विटा, खिडक्या, धुराडी, देवदाराचे थर. सगळ्यात जास्त जीव ओतला तो त्या टोपीत. गवताची एकेक काडी त्याने वेगळी कोरली, भिंगाखाली, श्वास रोखून. वसंतात पहिला छाप काढला आणि ओला कागद उचलला, तेव्हा टॅबिथा हात पुसत आली आणि बघतच राहिली. "अगं बाई! ही पोरगी तर आता बोलेलसं वाटतंय."

सर लँबर्टनी छाप खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पण तळं कुठाय?"

"कुठलं तळं, साहेब?"

"पुढच्या वर्षी खणणार आहे ते. चित्र काय आजच्यापुरतं असतं? ही हिरवळ पूस आणि तळं घाल. हंस पण घाल."

कोरलेलं पुसायचं म्हणजे पाटीवरचा खडू नव्हे. तांबं आधी खरवडायचं, मग घासून गुळगुळीत करायचं. त्याने तिथे खळगा पडतो, म्हणून पत्रा ऐरणीवर पालथा घालून मागून हलके ठोकायचा, खळगा वर येईपर्यंत. तेवढ्या जागी तांबं पातळ होतं. जेबेझने हे सगळं सांगितलं, पण इतक्या हळू आणि इतक्या अदबीने, की सर लँबर्टना ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं वाटलं असावं.

तळं झालं. हंस झाले. वर्षभराने खरं तळंही खणलं गेलं, पण हॅलस्टनची जमीन सगळी खडीची. पाणी भरलं की जिरायचं. उन्हाळ्यात तिथे नुसता चिखल आणि त्यात गुडघाभर रुतलेल्या गाई. आसपासच्या गावांत हसू झालं. कारभारी निरोप घेऊन आला, "तळं काढ. परत गवत कर."

"आणि हंस?"

"हंस गवतात चरतात का रे?" कारभारी म्हणाला.

गवत झालं. मग सर लँबर्ट बाथ शहरात जाऊन आले आणि त्यांना दारापुढे खांबांची ओसरी हवीशी वाटली. सहा खांब कोरले. ओसरीचा पाया काही पडला नाही. खांब पुसले, त्यांच्या मागच्या खिडक्या पुन्हा कोरल्या. एव्हाना परगण्यातल्या मोठ्या घरांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक निघालंही, आणि त्यात हॅलस्टन नव्हतं. पैशांच्या बाबतीत सर लँबर्ट चोख होते, दर वेळी वेळेवर द्यायचे. दुखणं ते नव्हतं. दुखणं हे, की गुत्त्यात कुणीही विचारावं, "काय जेबेझ, घर बांधून झालं का?" आणि सगळ्यांनी हसावं. टॅबिथा तर त्या पत्र्याला भिजत घोंगडंच म्हणायची. "अहो, एकदा तोंड उघडून नाही म्हणा की! जीभ पण कोरायला दिलीय का कुणाला?"

"म्हणणार आहे," जेबेझ म्हणायचा. "या खेपेला म्हणणारच." आणि हॅलस्टनच्या दिवाणखान्यात उभा राहिला की त्याच्या तोंडून "होय साहेब" शिवाय ब्र निघायचा नाही. परत येताना तो वाटेतल्या कुंपणांना हवं ते ऐकवायचा.

पाचव्या वर्षी लव्हिनियाने लग्न केलं. वेनफर्डातल्या पीटर पिउ नावाच्या शस्त्रवैद्याशी, बापाला न विचारता. चांगला माणूस होता, पण दात उपटायचा आणि गळवं फोडायचा. थ्रॉकलींच्या घराण्यात असला जावई म्हणजे आभाळच कोसळलं. लग्नाला हॅलस्टनहून कुणी आलं नाही. टॅबिथा मात्र नवी टोपी घालून गेली आणि पोटभर रडून आली.

पुढच्याच आठवड्यात सर लँबर्टनी जेबेझला बोलावलं. बोट ठेवलं ते देवदाराखाली. "ही काढ."

जेबेझ कसाबसा म्हणाला, "साहेब, तिथे... झाडाखाली मोकळं दिसेल."

"मग कुत्रा घाल."

लेडी थ्रॉकली शेजारीच विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुया थांबल्या.

जेबेझ घरी आला आणि त्याने बायकोला काही सांगितलं नाही. पण खरवडायचा आवाज टॅबिथा ओळखायची. ती येऊन मागे उभी राहिली.

"कोण चाललंय या खेपेला?"

तो खरवडतच राहिला. ती वाकली आणि तिने पाहिलं.

"लाज नाही वाटत? हिच्या लग्नाचा केक खाल्लाय आपण!"

"तू खाल्लास. मी गेलो नव्हतो."

"भित्रे आहात म्हणून गेला नव्हतात!"

टोपी त्याने शेवटी काढली. काडी काडी कोरायला आठवडे गेले होते, ती सकाळच्या एका फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी बाजारात अंड्यांच्या टोपलीपाशी नेमकी लव्हिनियाच समोर आली. पिउंचं घर त्याच्या दुकानापासून दोनच गल्ल्यांवर. "काय गिटिन्स, बरे आहात ना?" तिने हसून विचारलं, आणि जेबेझने तोंड फिरवून कोबीचा भाव विचारला. त्याला कोबी आवडत नव्हता.

वर्षं गेली. लेडी थ्रॉकली वारल्या. त्यांची पाटी जेबेझने कोरली. पत्र्यातली त्यांची खुर्ची पुसायला मात्र कुणी सांगितलं नाही. पुष्कळ दिवस हॅलस्टनहून निरोपच आला नाही. पत्रा फडक्यात गुंडाळून कपाटावर पडून होता. आणि मग एका पावसाळी दुपारी सर लँबर्ट स्वतः दुकानात आले. आजवर ते कधी त्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. ते थकले होते, ओले झाले होते, आणि बसा म्हटल्यावर चक्क बसले.

"गिटिन्स, ती तिथे होती ना, झाडाखाली," ते म्हणाले. "तिला परत उभी कर."

जेबेझला हो म्हणायची सवय होती, त्याने हो म्हणूनही टाकलं. पण टॅबिथा आतून आली. तोंडावर बोलणारी बाई ती, हातात पातेलं तसंच.

"साहेब, तांब्यात कशाला? दोन गल्ल्या पलीकडे राहतात त्या. हिरवं दार. आत्ता घरीच असतील."

सर लँबर्टचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते उठले आणि बाहेर पडले. जेबेझ दारात जाऊन उताराखाली बघू लागला. म्हातारा पिउंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, वळला, हिरव्या दाराकडे तोंड करून नुसता उभा राहिला. टोपीवरून पाणी गळत होतं. मग कोचमनने छत्री आणली आणि त्याला गाडीत बसवून नेलं.

"गेले?" टॅबिथाने विचारलं.

"घरी गेले."

"मेलं ते घर," ती म्हणाली.

जेबेझने पत्रा काढला. झाडाखालच्या जागी आता कुत्रा होता, तो खरवडला. पालथा घालून ठोकायला लागला. त्या जागेचं तांबं आधी मुलीसाठी, आता कुत्र्यासाठी, असं दोनदा झिजलेलं. हातोडी हलकीच पडली, पण नाद बदलला. त्याने पत्रा उजेडाकडे धरला, तर देवदाराखालून केसाएवढी उजेडाची चीर दिसली.

तो हॅलस्टनला पायी गेला. सर लँबर्टनी चिरीवरून अंगठा फिरवला. "हे मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं, साहेब. दर वेळी."

"मग जोरात सांगायचं होतंस!"

आणि जेबेझ गिटिन्स, ज्याने उभ्या आयुष्यात त्या घरात आवाज चढवला नव्हता, ओरडला, "तुम्ही पण जोरात सांगायचं होतंत! तिच्या दारासमोर उभे होतात की!"

पत्रा त्याच्या हातात परत देऊन सर लँबर्ट खिडकीकडे तोंड करून बसले. जेबेझला वाटलं होतं, ओरडलो की मोकळं वाटेल. पण परतीच्या वाटेत कुंपणांना सांगायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला. पाटी सांगायला लव्हिनिया आली. केस पांढरे व्हायला लागलेले, हाताला औषधांचा वास. नाव, साल सांगून झालं तरी ती रेंगाळली. "टॅबिथाबाई म्हणत होत्या, तुमच्याकडे आमच्या घराचं चित्र आहे."

जेबेझने सगळं सांगितलं. मग तिच्या सांगण्यावरून पत्र्याला शाई लावली, कागद भिजवला, छापयंत्राच्या दाबाखाली घातला. छाप निघाला. घर होतं, खिडक्या होत्या, आई खुर्चीत, बाप काठीने लांबवर दाखवतोय, आणि झाडाखाली काळा डाग, चिरीत भरलेल्या शाईचा.

"आईची मान बरोबर आलीय," ती म्हणाली. "अशीच धरायची." मग डागाकडे पाहून, "ही मी?"

"होय बाईसाहेब. गवती टोपी होती हातात. फितीने धरलेली."

तिने आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठी आली. "टोपी? मला नाही आठवत."

"माझ्या फडक्यातला पाव खाल्ला होतात."

"हो का?" ती दिलगिरीने हसली. "खाल्ला असेन. त्या वयात सारखी भूक लागायची." छाप ओला होता म्हणून तिने नेला नाही, पाठवून द्या म्हणाली. टॅबिथाने तो दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

हॅलस्टन सर लँबर्टच्या पुतण्याकडे गेलं. त्याने लंडनहून माणूस आणून नवा पत्रा कोरून घेतला, एका उन्हाळ्यात. पुस्तकवाल्याच्या खिडकीत तो छाप लागला तेव्हा जेबेझ मुद्दाम चुका काढायला गेला. काचेला नाक लावून त्याने विटा पाहिल्या, धुराडी पाहिली, देवदार पाहिला. घर जसं होतं तसं होतं. नवी माणसं हिरवळीवर उभी होती. काम उत्तम होतं. तेच त्याला सगळ्यात झोंबलं.

घरी येऊन तो न बोलता कामाला बसला. एका बेकरच्या मुलीच्या बारशाचा चमचा होता.

"कसं आहे?" टॅबिथाने विचारलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायला लागला.