लाईट गेली की बंद

आमच्या घरातला कॉम्प्युटर कधी कुणी बंद केला नाही. लाईट गेली की तो बंद व्हायचा आणि लाईट आली की आम्ही पुन्हा चालू करायचो. कुंभार पिंपळगावात तेव्हा लाईट रोज जायचीच. त्यामुळे बंद करणं हे आपल्याकडचं काम आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

याचं मूळ तो घरी आला त्या दिवसात आहे. कापूस बरा झाला त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो जालन्याहून आणला. जोडून द्यायला दुकानातला माणूस सोबत आला होता. त्यानं वायरी लावल्या, चालू कसा करायचा ते दाखवलं, पडद्यावर एक फूल काढून दाखवलं आणि तेवढ्यात लाईट गेली. चहा घेऊन त्यानं थोडी वाट पाहिली. मग घनसावंगीकडं जाणारी शेवटची जीप निघतेय म्हटल्यावर तो उठला. बंद करायचं दाखवायचं राहूनच गेलं. बारावीनंतर मी घनसावंगीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे, पण तिथंही आमचा तास संपला की पुढची बॅच आमच्याच गरम खुर्च्यांवर येऊन बसायची. संध्याकाळी सर बंद करत असतील, तोवर आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं घराकडं निघालेलो असायचो.

लाईट आल्यावर चालू केला की आधी निळा पडदा यायचा. वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि खाली हळूहळू भरत जाणारी एक पट्टी. कुणी घाई केली की आबा म्हणायचे, "थांब जरा, आवरून राह्यला त्यो." झोपेतून उठलेल्या माणसाला तोंड धुवायला वेळ द्यावा तसा आम्ही त्याला वेळ द्यायचो. मला नीट बंद केलं नाही, असं तो दरवेळी त्या इंग्रजी ओळीत सांगत होता. बारावी झालेली पोरगी मी, पण ती ओळ एकदाही शेवटपर्यंत वाचली नाही. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

निवडणुकीच्या दिवसांत लाईट जायची थांबली. मग कॉम्प्युटरही थांबेना, रात्रंदिवस चालूच. तो तापतो म्हणून आईनं घरातला एकमेव टेबलफॅन त्याच्याकडं वळवून ठेवला आणि आम्ही घाम पुसत बसलो. बाहेरच्या खोलीत, दाराकडं तोंड करून तो मांडलेला होता. पडद्यावर रंगीत मासे फिरत राहायचे आणि बाजाराला निघालेली माणसं दारात थांबून बघायची. आबांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या लग्नाचं बोलणं निघालं की आबा सगळ्यात आधी सांगायचे, "पोरीला कॉम्प्युटर येतो." त्या एका वाक्यावर शहागडचं स्थळ चालून आलं. त्यांचं हायवेला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि बिलं कॉम्प्युटरवर व्हायची. दुकानात हातभार लावील अशी सून त्यांना हवी होती. आबांनी हे स्थळ फार मनावर घेतलं होतं. पोरगी उन्हात वेचणीला जाणार नाही, सावलीत खुर्चीवर बसेल, एवढं एकच ते आईला पुन्हा पुन्हा सांगायचे.

पाव्हणे दुपारी आले. मी टायपिंग करून दाखवलं, मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून दाखवलं. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग मुलाच्या मामांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "छान. आता बंद कर, बाई. आमच्या दुकानात रोज शटर लावायच्या आधी त्यो बंद करावा लागतो, ते काम तुझ्याकडंच येईल."

माझा हात माउसवर तसाच राहिला. बंद करायचं काहीतरी इथंच कुठंतरी असणार म्हणून मी बाण सगळीकडं फिरवला. पडद्यावर बाण फिरताना सगळ्यांना दिसत होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मी आबांकडं पाहिलं. तेही माझ्याकडंच बघत होते. "पाणी आणतो," म्हणून ते उठून बाहेर गेले.

आणि पंखा थांबला, पडदा काळा झाला. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. आबा आत आले ते रिकाम्या हातानं. "लाईट गेली," ते भिंतीकडं बघत म्हणाले. त्यांच्या बाहीला मीटरच्या पेटीवरचं जळमट चिकटलेलं होतं. आमच्या समोरच लाईटवर चालणारी पिठाची गिरणी आहे. ती धडधड चालूच होती.

मामा बशीतला चहा फुंकत राहिले. शेवटी मुलाची आई म्हणाली, "उकडून राह्यलं, वसरीत बसू मंग." सगळे उठून बाहेर ओसरीत गेले. आबांनी जळमट पुसलं नाही, कारण त्यांना ते दिसलंच नव्हतं. मला दिसत होतं आणि मी ते काढलं नाही. पुढं झाले असते तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय.

चार दिवसांनी होकार आला. त्यांच्या लक्षात आलं नसावं, असं मी स्वतःला समजावलं आणि लग्न करून शहागडला गेले. नवऱ्यानं पहिल्याच संध्याकाळी बंद करायचं शिकवलं. शिकवताना तो हसला नाही, म्हणून माझा समज अजूनच पक्का झाला.

पंचमीला मला न्यायला आबा आले. दुकान बंद व्हायची वेळ होती, मामाही आलेले होते. ते प्रेमानंच म्हणाले, "या, आज तुमच्या हातानं बंद करा. फक्त बाहेर नका जाऊ, बरं का." सगळे हसले. आबाही हसले. हसता हसता त्यांनी आपली बाही झटकली. तिथं काहीही नव्हतं.

आम्ही जीपनं गावाकडं निघालो. घरी पोचलो तर कॉम्प्युटरवर जुनी साडी टाकलेली. आई म्हणाली, तू गेल्यापासून हात लावला न्हाई त्यायनी. आबांनी साडी काढली, चालू केला, निळा पडदा पुरा होऊ दिला आणि म्हणाले, "दाखव."

मी दाखवलं. दोनदा माउस दाबला, पडदा काळा झाला आणि त्यावर भगव्या अक्षरांत एक ओळ आली. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता बंद केलात तरी चालेल, असं म्हणतोय.

"एवढंच होतं?" आबा म्हणाले.

त्यांनी मागचं बटण दाबलं आणि साडी पुन्हा नीट टाकली, चारी कोपरे ओढून.