डब्यातला देवकापूस

राजारामपुरीतल्या माझ्या घरमालकीण मावशी शेजारी उभ्या माणसाशीही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायच्या. दारातल्या तेलाच्या डब्यात त्यांनी देवकापूस लावला होता. देवापुढच्या वाती त्याच्याच. मी आठवीत शाळा सोडून यवतमाळहून आलेलो. मदत करावी म्हणून एकदा बोंडं वेचली आणि वेचणी संपली की आमच्याकडे उपटतात, तसं झाडही उपटून टाकलं.

“अवो पावणं, ह्ये वर्सानुवर्सं जगतंय की!”

आता खोली जाणार, म्हणून मी गाठोडं बांधू लागलो. मावशींनी मातीनं भरलेला डबा माझ्या दारात आणून ठेवला, हातावर सरकीचे चार दाणे दिले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, “लावा. नव्या वाती हुईस्तवर खोली सोडायची न्हाय.”